पावियाचं कपाट: पांढरी भुकटी आणि बदललेला आराखडा

पावियाचं कपाट, म्हणजे 1525 च्या पावियाच्या लढाईचे छोटे रंगवलेले शिपाई (फिगर्स) मांडलेलं कपाट, पुन्हा रिकामं झालंय. सम्राटाचा सेनानी फ्रुंड्सबर्ग याच्या ब्लॉकमधल्या (दाट चौकोनी तुकडीतल्या) शिशाच्या जुन्या ओतीव लँडस्क्नेख्टांवर, म्हणजे जर्मन भाडोत्री पायदळावर, पांढरी भुकटी धरली. आधी घोट्यांपाशी, मग पाइक (लांब भाला) धरलेल्या मुठीत, मग बाह्यांच्या चिरांमध्ये, म्हणजे जिथे जिथे प्रायमर पातळ बसतो तिथे तिथे. त्यांच्याच शेजारी उभे असलेले प्लॅस्टिकचे शिपाई ठणठणीत आहेत, आणि नव्या प्यूटरच्या (कथिलाच्या मिश्रधातूच्या) फिगर्सनाही काही झालेलं नाही. निदान करायला एवढं पुरेसं होतं: लेड रॉट, म्हणजे शिशाची झीज.

तरीही खात्री करून घ्यावी, कारण पांढरं दिसलं की लगेच शिशाला दोष देण्याची आपल्याकडे घाई असते. दमट हवेत मॅट व्हार्निश मारलं की येणारा धूसरपणा सगळ्या पृष्ठभागावर सारखा पसरतो. सुपरग्लूच्या वाफेचा पांढुरका थर सांध्याभोवती वलयासारखा बसतो आणि रंगाच्या वर असतो. लेड रॉट रंगाच्या खालून येतो. आधी टाचणीच्या टोकाएवढा फोड, मग रंगाची खपली, आणि खपलीखाली करडी-पांढरी, भुसभुशीत पूड. ब्रशच्या टोकाने किंचित तेल लावून पाहा: व्हार्निशचा धूसरपणा तेल लागताच दिसेनासा होतो, पूड जागच्या जागी राहते.

कारण हवेत आहे. अ‍ॅसेटिक आम्लाची (व्हिनेगरमधल्या आम्लाची) वाफ शिशाला लागली की लेड अ‍ॅसिटेट बनतं. ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्याचं बेसिक लेड कार्बोनेट होतं, आणि या पायरीत आम्ल पुन्हा मोकळं होऊन पुढच्या शिशाला भिडतं. म्हणून सुरुवातीला अगदी थोडी वाफही पुरते. गंमत अशी, की ही पूड म्हणजे रेनेसांच्या चित्रकारांचा पांढरा रंग, सफेदाच. शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या भांड्यांवर ठेवून, भोवती शेण रचून तो मुद्दाम बनवत. शेणातून उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही मिळायचे. आपलं कपाट शेणाशिवाय तेच काम करत होतं.

वाफ येते कुठून? एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या) फळ्यांतून, आणि सर्वांत जास्त त्यांच्या उघड्या कापलेल्या कडांतून. दर्शनी भागाला लावलेल्या ओकच्या पट्टीतून. शिशाच्या दृष्टीने ओक हे सर्वांत वाईट लाकडांपैकी एक. काचेच्या कडांना भरलेल्या, वाळताना व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून. आणि जे चटकन लक्षात येत नाही ते म्हणजे बेस. लेझरने कापलेला 3 मिमीचा एमडीएफ बेस, त्यावर पीव्हीए (पांढरा गोंद), वाळू, पुन्हा पातळ केलेलं पीव्हीए, आणि या सगळ्याला फिगरचा तळ थेट चिकटलेला. प्रायमर मारताना फिगर उभी असते, त्यामुळे तळाला रंग लागतच नाही. घोट्यांपासून सुरुवात झाली ती यामुळे.

याच बेसवर उघड्या शेल्फात राहिलेल्या फिगर्सना कित्येकदा काहीच होत नाही, कारण वाफ साचत नाही. आपल्या छंदातला ठरलेला सल्ला असा, की धूळ नको असेल तर कपाट हवाबंद करा. हा सल्ला अर्धवट आहे. दाराला ब्रश-सील, कोपऱ्यांना रबर, वायरच्या भोकात सिलिकॉन, एवढं केल्यावर धूळ बाहेर राहते आणि वाफ आत कोंडते. काचांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट असलेली साधी काचेची शोकेस शिशासाठी यापेक्षा सुरक्षित. हवाबंद करायचं असेल तर आधी आतलं सगळं साहित्य निर्धोक हवं.

ते तपासण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला एडी स्ट्रिप्सचा, म्हणजे आम्ल ओळखणाऱ्या रंगीत कागदी पट्ट्यांचा. इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटने या पट्ट्या फिल्मच्या डब्यांसाठी बनवल्या, पण कपाटातही चालतात. निळी पट्टी आम्लाच्या वाफेने आधी हिरवी आणि मग पिवळी होते. कपाट बंद करून अंधारात एक दिवस ठेवावी आणि बाहेरच्या हवेतल्या पट्टीशी ताडून पाहावी. आम्ल नेमकं कोणत्या वस्तूतून येतंय हे मात्र ती सांगत नाही.

त्यासाठी दुसरा मार्ग, ऑडी टेस्टची घरगुती आवृत्ती. मूळ चाचणी 1973 मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी मांडली: साहित्याचा तुकडा आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या पट्ट्या ओलसर बंद भांड्यात 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस. आपल्याला शिशाची पट्टी पुरे. एखादी न रंगवलेली जुनी फिगर घ्यावी आणि तिचा तळ ओल्या सँडपेपरने चकचकीत करावा. काचेच्या बरणीत ती फिगर, तपासायच्या वस्तूचा तुकडा आणि छोट्या कुपीत थोडं डिस्टिल्ड पाणी ठेवावं. वस्तू धातूला टेकू देऊ नये. दर वस्तूला वेगळी बरणी, आणि शेजारी फक्त धातू आणि पाणी असलेली एक कोरी बरणी हवीच. ती नसेल तर निव्वळ ओलाव्याने आलेला मळकेपणाही साहित्याच्या माथी मारला जातो. उबदार जागी ठेवूनही घरी 60 अंश टिकत नाहीत, तेव्हा निकाल एकाच बाजूने वाचावा: पूड आली तर वस्तू बाद, नाही आली तर फक्त ‘बहुधा चालेल’.

धरलेल्या फिगर्सचं काय करायचं? आधी कपाटातून बाहेर काढायच्या. फुंकर मारायची नाही, कोरड्या ब्रशने झाडायचं नाही. ही पूड विषारी आहे. हातात मोजे, खाली ओला कागद. एखाद-दुसरा फोड असेल तर ओलसर टूथपिकने खरवडून खाली घट्ट धातू लागेपर्यंत साफ करावं, पूर्ण वाळू द्यावं, मग प्रायमर आणि रंगाची डागडुजी. पूड नुसती व्हार्निशखाली दडपली तर आत राहिलेलं अ‍ॅसिटेट काम चालूच ठेवतं. चेहऱ्यावर किंवा बोटांवर पसरली असेल तर पूर्ण रंग उतरवण्याला पर्याय नाही. डिस्टिल्ड पाण्याखाली मऊ पितळी ब्रशने घासावं, खड्डे एपॉक्सी पुटीने भरावेत, आणि या वेळी प्रायमर तळालाही द्यावा. धातू चमकावण्यासाठी व्हिनेगर वापरण्याचा सल्ला अधूनमधून दिसतो; शिशाला त्याहून वाईट काही नाही. वापरलेले कागद पिशवीत बांधून ठेवायचे, धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही.

बेस आता 1.5 मिमी पॉलिस्टायरीन शीटचे. फिगर दोन भागांच्या एपॉक्सीने चिकटवायची, वाळूसाठी पीव्हीएऐवजी अ‍ॅक्रिलिक टेक्श्चर पेस्ट, आणि ती पूर्ण सुकल्यावरच कपाटात. पाइक ब्लॉकसाठी 60×40 मिमीवर दोन ओळींत आठ फिगर्स ही मांडणी कायम आहे. खाली मॅग्नेटिक शीट. पावडर कोटिंग केलेल्या पोलादी फळीवर ते थेट धरतं, वेगळा पत्रा डकवावा लागत नाही, हा अनपेक्षित फायदा. शिशाच्या आठ फिगर्सचा बेस जड असतो, तेव्हा ही पकड बेस सरकू नये एवढ्यापुरतीच समजावी.

मूळ बेत जुन्या कपाटालाच आतून अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली बॅरियर फॉइल लावायचा होता. फॉइल चांगली आहे, पण सांधे अ‍ॅल्युमिनियम टेपने तंतोतंत बुजवावे लागतात आणि फळीच्या पिनांची भोकं कायमची गळती. तेवढ्या मेहनतीत काच आणि पावडर-कोटेड पोलादाची शोकेस उभी राहते. तिला न्यूट्रल-क्युअर (वाळताना अ‍ॅसेटिक आम्ल न सोडणारं) सिलिकॉन, तळाच्या खणात अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आणि सिलिका जेल. अ‍ॅसेटिक आणि न्यूट्रल सिलिकॉनच्या नळ्या दिसायला सारख्याच असतात. विक्रेत्याच्या तोंडी खात्रीवर न जाता लेबल वाचावं.

मग जुनं कपाट फेकायचं का? तर नाही, आणि इथेच आराखडा बदलला. प्लॅस्टिकला या वाफेचं काही सोयरसुतक नाही. पेरी कंपनीच्या 1450-1500 काळातल्या प्लॅस्टिक फिगर्सच्या पेट्या, भाडोत्री पायदळ आणि घोडेस्वार मेन-अ‍ॅट-आर्म्स (चिलखती योद्धे), या 6 जुलै 1495 च्या फोर्नोव्होच्या लढाईला चपखल बसतात. तेव्हा जुन्या कपाटात टारो नदीचा काठ आणि फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याची परतणारी सेना. नव्या शोकेसमध्ये 24 फेब्रुवारी 1525 चं पाविया, सगळं धातूचं. अट एकच: जुन्या कपाटात पोलादी तारेचे पाइक नकोत, त्याच वाफेने ते गंजतात. तिथे 0.8 मिमी पितळी तार, टोक हातोडीने चपटं करून कानशीने आकार दिलेलं. पितळ थोडं मऊ, हात लागला की वाकतं, पण सरळही होतं. नॉर्थ स्टार कंपनीचे 100 मिमी तारेचे भाले ताठपणात सरस आहेत, ते पावियाकडे. 28 मिमी फिगरला 100 मिमी म्हणजे साधारण साडेपाच मीटरचा पाइक, लांबी पटण्यासारखी.

रिकाम्या शोकेसमध्ये मांडणीची चाचणी घेतली आणि ती मनासारखी जमली. ब्लॅक बँड (फ्रेंचांकडून लढणारे लँडस्क्नेख्ट) आणि फ्रुंड्सबर्गचे लँडस्क्नेख्ट एकमेकांसमोर, पण धडक काचेला समांतर, म्हणजे पाहणाऱ्याला दोन्ही ब्लॉक बाजूने दिसतात. काचेकडे रोखलेले पाइक समोरून नुसते ठिपके वाटतात. पहिल्या ओळीचे पाइक आडवे, दुसरीचे खांद्याच्या उंचीवर, तिसरीचे तिरपे, मागचे उभे. आडवा पाइक बेसच्या पुढे सुमारे 60 मिमी जातो; दोन बेसमध्ये 45 मिमी ठेवलं तर टोकं एकमेकांत शिरतात आणि अडकत नाहीत. फळ्यांमधलं अंतर 160 मिमी, पायऱ्या 15 मिमीच्या. त्याहून उंच पायरी दिली की मागचा ब्लॉक टेकडीवर चढल्यासारखा दिसतो. चित्रकार बर्नार्ट व्हान ऑर्लेच्या आराखड्यांवरून ब्रुसेल्समध्ये विणलेले पावियाचे सात भित्तिपट नेपल्सच्या कापोदिमोन्ते संग्रहालयात आहेत. त्यांत सैन्याची दाटी कशी रचली आहे ते पाहिलं तर उंच पायऱ्यांची गरजच उरत नाही. खोलीचा भास उभ्या पाइकांच्या रानातून येतो.

दिव्यांबाबत थोडक्यात: छताचा दिवा लँडस्क्नेख्टांना मानवत नाही, रुंद टोप्यांखाली चेहरे काळे पडतात आणि उभ्या पाइकांच्या सावल्या अंगावर पट्ट्या ओढतात. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत उभी एलईडी प्रोफाइल, दुधी डिफ्यूझरसह, 4000 केल्व्हिन, सीआरआय (रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक) 95 च्या वर. लाल रंगासाठी आर9 चा (गडद लाल किती खरा दिसतो त्याचा) आकडाही बघावा, नाहीतर सम्राटाच्या बाजूचे लाल तिरपे क्रूस विटकरी दिसतात. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) शोकेसच्या बाहेर.

सध्या बरण्यांमध्ये टेक्श्चर पेस्ट, मॅग्नेटिक शीट, डिफ्यूझरचा तुकडा आणि जिथे लढाई झाली त्या पावियाच्या शिकारी पार्कच्या भिंतीसाठी घेतलेला फोम आहे. भिंतीचा फोम बाद झाला तर ती प्लास्टरमध्ये ओतायची, आणि मग मिराबेल्लोची (पार्कमधल्या वाड्याची) फळी 40 मिमी खाली घ्यावी लागेल. तोवर फ्रुंड्सबर्ग उघड्या शेल्फावर.