बेन फेरेन्झ

आज दुपारी बेन फेरेन्झ या अमेरिकन सरकारी वकिलाचं, न्यूरेंबर्गमधल्या नाझींवरच्या खटल्यातलं जुनं फुटेज बघितलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचतच नाहीये. माणूस जेमतेम पाच फुटी, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या तोफखान्यात होता, मग छळछावण्यांत जाऊन पुरावे गोळा केले, आणि १९४७ मध्ये वयाच्या २७व्या वर्षी आयुष्यातली पहिलीच केस कुठली, तर आइनझाट्सग्रुपेनची, म्हणजे नाझींच्या सामूहिक कत्तली करणाऱ्या पथकांची! साक्षीदार एकही नाही बोलावला, नाझींचेच रिपोर्ट कोर्टापुढे ठेवले. त्यातले मृतांचे आकडे बेरजेच्या मशीनवर टाकत गेला आणि दहा लाखांवर थांबला, हे ऐकून तर अंगावर काटाच आला हो. २२ च्या २२ आरोपी दोषी ठरले. पण मला जास्त भावलं ते पुढचं, नव्वदी ओलांडल्यावरही हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टात काँगोतला बंडखोर नेता लुबांगा याच्या केसमध्ये बोलायला उभा राहिला. २०२३ ला १०३व्या वर्षी गेला, शाळेत कुणी सांगायला हवं होतं याच्याबद्दल.