स्टोअरहेड: बाग सोपी, टॉवरने जीव काढला

"टॉवर बागेचाच भाग आहे, चालत जा," असं इंग्लंडमधल्या स्टोअरहेड बागेबद्दल सांगणारा स्वतः गाडीने गेला होता, हे मला घरी आल्यावर कळलं.

आधी तिकिटाचं. एकाच स्पेलिंगची दोन स्टेशनं आहेत: केंटमधलं जिलिंगहॅम आणि डॉर्सेटमधलं गिलिंगहॅम. आपल्याला 'ग'वालं हवं. लंडनच्या वॉटर्लूहून थेट गाडी, साधारण दोन तास. पुढे टॅक्सी. भाडं आधी ठरवा, परतीचंही. आमच्याकडून येताना दीडपट घेतले, कारण काय तर म्हणे रविवार आहे. सकाळी काय मंगळवार होता?

बाग मात्र अव्वल. हेन्री होर या बँकरने १७४० च्या दशकात ती सुरू केली. स्टोअर नदीचं पाणी बांध घालून अडवलं, तळं केलं आणि काठाने फ्लिटक्रॉफ्ट या वास्तुरचनाकाराकडून रोमन थाटाची देवळं बांधून घेतली. ब्रिस्टल शहरातल्या लोकांना नकोसा झालेला जुना दगडी क्रॉस-स्तंभसुद्धा आणून उभा केला. फेरी तळं डाव्या हाताला ठेवून मारायची. आपण सवयीने प्रदक्षिणा घालायला निघतो आणि अपोलोच्या देवळाचा चढ पहिल्यालाच अंगावर घेतो. फ्लोराच्या देवळापासून सुरुवात केलीत की आधी ग्रोटो, म्हणजे बांधलेली गुहा, लागते. आत अंधार, पायाखाली ओल. डोळे सरावेपर्यंत थांबा, मग झऱ्यावर निजलेली अप्सरा दिसते. पँथिऑन हे घुमटाचं देऊळ लांबूनच जास्त छान दिसतं.

आता टॉवर. इंग्लंडचा जुना राजा किंग आल्फ्रेड याच्या नावाचा, १७७२ मध्ये पुरा झालेला, विटांचा, तिकोनी, १६० फूट उंच. होरच्या हवेलीपासून अडीच-तीन मैल आणि शेवटी जंगलातून चढ. आदल्या रात्री पाऊस झालेला, चिखल घोट्यापर्यंत. मी स्पोर्ट शूज घालून गेलो होतो, गाढवपणा. दर पावलाला बूट मागे राहतोय की काय असं वाटायचं. वर पोचलो तर दाराला कुलूप! आतल्या २०५ पायऱ्या ठरावीक दिवशीच चढू देतात म्हणे. तो दिवस आधी बघून ठेवा. नसेल तर सरळ टाळा. नुसत्या बाहेरच्या विटा बघायला सहा मैल तुडवू नयेत. परतताना चिखल आणखी वाढला होता आणि दरीत मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे टॅक्सी बोलवायला गावातल्या पबमध्ये जावं लागलं. तिथला चहा बरा होता.