व्हीलचेअर घेऊन सोलापुरात फिरणं: माझा अनुभव

माझी लेक अकरा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. सगळं कळतं, आवडनिवड पक्की आहे, पण बसायला आधार लागतो आणि चालता येत नाही. लहान होती तोवर आम्ही तिला कडेवर घेऊन कुठंही जायचो. मग वजन वाढलं, बायकोची कंबर धरली आणि बाहेर पडणं म्हणजे दवाखाना नाहीतर फिजिओथेरपी, एवढंच उरलं. मी युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. दर रविवारी गाडी ठरवून फिरायला जावं असा पगार नाही. तरी आता आम्ही फिरतो. कसं जमवलं ते लिहितोय, कुणाला उपयोग झाला तर झाला.

आधी एक सांगतो. सोलापुरात बघण्यासारख्या बहुतेक जागा फुकट आहेत, नाहीतर किरकोळ तिकिटाच्या. पैसा जातो तो तिथं पोचण्यात, आणि घाम निघतो तो फाटकापासून आत शिरण्याच्या शेवटच्या दहा फुटांत. मी सगळी धडपड केली ती या दोनच गोष्टींवर.

पहिलं काम कागदांचं. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरला, सरकारी रुग्णालयाची तारीख मिळाली, लेकीला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढं नेलं. रांग, झेरॉक्स, 'हा शिक्का त्या खिडकीवर' हे सगळं तुम्हाला ठाऊक आहेच, त्यात वेगळं काही घडलं नाही. एक गोष्ट मात्र करा. बोर्डाच्या दिवशीच रेल्वेच्या नमुन्यातलं सवलत प्रमाणपत्र छापून बरोबर न्या आणि डॉक्टरांची सही-शिक्का तेव्हाच घ्या. नाहीतर त्या एका सहीसाठी पोराला पुन्हा उचलून न्यावं लागतं. त्या कागदावर 'सोबत माणूस असल्याशिवाय प्रवास करू शकत नाही' अशा अर्थाचं वाक्य असतं. ते खोडलं गेलेलं नाही ना, हे खिडकी सोडण्याआधी बघा, कारण सोबतच्या माणसाची सवलत त्यावरच अवलंबून असते. हे प्रमाणपत्र दिलं की रेल्वेचं वेगळं ओळखपत्र निघतं. मग स्लीपर आणि थर्ड एसीला तिला ७५ टक्के सवलत, सोबतच्या एका माणसालाही तेवढीच, आणि तिकीट घरबसल्या काढता येतं.

पण आमच्या रोजच्या कामाची गाडी म्हणजे एसटी. अक्कलकोटला जातो तेव्हाचा हिशोब ऐका. लेकीला दिव्यांग म्हणून ७५ टक्के सवलत. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असलं की एका साथीदाराला ५० टक्के, तो साथीदार मी. बायकोला महिला म्हणून अर्धं तिकीट, ते मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना आहे. आणि आई पंच्याहत्तरीच्या पुढची, ती फुकट. अख्ख्या घरात पूर्ण तिकीट कुणालाच नाही! पहिल्यांदा कंडक्टरनं आमच्याकडं वर-खाली बघितलं आणि म्हणाला, "मामा, तुमच्या घरात नॉर्मल माणूस कुणी हाय का नाही?" हसून म्हणाला, म्हणून मीही हसलो. त्यानंच खाली उतरून खुर्ची डिकीत टाकायला मदत केली. एसटीच्या पायऱ्या मात्र उंच आणि अरुंद आहेत, लेकीला उचलूनच चढवावं लागतं. म्हणून आम्ही डेपोतूनच बसतो, म्हणजे गाडी सुटायला वेळ असतो आणि मागून कुणी ढकलत नाही. अक्कलकोटात दर्शन झालं की अन्नछत्रात महाप्रसाद, त्यामुळं जेवणाचाही खर्च नाही.

आता खुर्चीचं. एका शिबिरात आम्हाला मोफत खुर्ची मिळाली होती, ती मोठ्या माणसाची, १८ इंची बैठकीची. लेक त्यात एका बाजूला कलंडायची, तासाभरात रडकुंडीला यायची. बैठक कमरेच्या रुंदीपेक्षा एक-दोन इंचच जास्त हवी, हे फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितलं. मी कपड्याची मापं घेणारा माणूस, घरी येऊन टेप लावला. मग ती खुर्ची एका गरजू आजोबांना दिली आणि लहान मापाची, घडीची, पाय ठेवायचे स्टँड निघणारी खुर्ची विकत घेतली. स्टँड निघणं फार महत्त्वाचं आहे. ते निघाले की खुर्ची रिक्षात सीटच्या मागं बसते, आणि लेकीला उचलताना आपल्या नडगीला लोखंड लागत नाही. छातीचा पट्टा मी स्वतः शिवला. दप्तराला लावतात ती नायलॉनची पट्टी, आतून जुन्या सोलापुरी टॉवेलचा दुहेरी थर आणि बगलेखाली रुंद वेल्क्रो. दुकानातल्या पट्ट्यानं तिच्या मानेशी लाल वळ यायचे, याने येत नाहीत.

खुर्ची चढवण्या-उतरवण्याची एक पद्धत आहे, ती कुणीतरी करून दाखवली की कळते. एखादी पायरी चढायची असेल तर मागच्या चाकांजवळ जी दोन नळीची टोकं निघालेली असतात, त्यातल्या एकावर पाय दाबायचा आणि हँडल आपल्याकडं ओढायचं. पुढची छोटी चाकं उचलली जातात, ती पायरीवर ठेवायची आणि मग मागून मांडीचा जोर लावून मोठी चाकं चढवायची. उतरताना खुर्ची उलटी करून, आधी आपण उतरायचं आणि मोठी चाकं हळूहळू खाली सोडायची. मदतीला धावणारी माणसं हमखास खुर्चीचे हात धरून उचलतात. ते हात बऱ्याच खुर्च्यांना निघणारे असतात! मी आता आधीच सांगतो, "भाऊ, हात नका धरू, खालची नळी धरा."

रिक्षाचा प्रश्न आम्ही एकाच माणसावर सोडवलाय. आमच्या गल्लीतले एक रिक्षावाले मामा, घरात तेलुगू, बाहेर मराठी-हिंदी सगळं. सुरुवातीला दरवेळी नवा रिक्षावाला आणि दरवेळी नवी घासाघीस व्हायची. खुर्ची बघून भाडं वाढवायचे किंवा थांबायचेच नाहीत. आता मामांशी ठरलेलं आहे: रविवारी संध्याकाळी जाणं-येणं, मधले दोन-अडीच तास ते दुसरी भाडी मारतात, फोन केला की परत. दर पक्का. "बसव की रे, घाई कुठं हाय," म्हणत ते स्वतः खुर्ची घडी करतात. ओळखीच्या रिक्षावाल्याचा सगळ्यात मोठा फायदा पैशाचा नाहीच. त्यांना खुर्ची कुठं कशी बसते हे माहीत असतं, म्हणून भर रस्त्यात उभं राहून शिकवत बसावं लागत नाही.

कुठंही लेकीला न्यायच्या आधी मी एकटा जाऊन येतो. टेप तर खिशात असतोच. तिची खुर्ची चाकाच्या बाहेरून बाहेरपर्यंत २२ इंच आहे. दरवाजा २४ इंचांचा असेल तर हाताची बोटं सोलवटतात, २८ असेल तर निवांत. रॅम्प असेल तर त्याचा उतार बघतो. नियम १ ला १२ चा आहे, म्हणजे सहा इंच उंचीला सहा फूट लांबी. आपल्याकडं सहा इंचाला दोन फुटांची घसरगुंडी बांधतात आणि 'रॅम्प केलाय' म्हणतात. त्यापेक्षा साधी पायरी परवडते.

संडासचं सोपं उत्तर माझ्याकडं नाही. बहुतेक ठिकाणी स्वच्छतागृह असतं, पण दोन पायऱ्या चढून. म्हणून आमची सहल घरून निघाल्यापासून तीन तासांच्या आतली. त्याहून लांब जायचं असलं तर डायपर, एक चटई आणि आडोसा करायला सोलापुरी चादर. एवढी जाड चादर दोघींनी धरली की तंबूच होतो. लेक मोठी होतेय, तिला ते आवडत नाही, हे आम्हाला कळतं.

सिद्धेश्वराच्या देवळाला आम्ही सगळ्यात जास्त जातो. तळ्याच्या मधोमध देऊळ, पाण्यावरून वारा येतो. उन्हाळ्यात मात्र सूर्य कलल्यावरच. दिवसा तापलेल्या दगडी फरशीवर आपले पाय भाजतात आणि खुर्चीचा लोखंडी सांगाडासुद्धा हात लावू देत नाही. देवळात चाकं कशी न्यायची, असा प्रश्न मलाच पडला होता. उपाय सोपा निघाला. एक ओला टॉवेल पिशवीत ठेवतो, दाराशी खुर्ची थांबवून चारही चाकं पुसतो. बघणारे मग स्वतःहून वाट करून देतात. शेजारीच किल्ला. भुईकोट असल्यानं गड चढायचा प्रश्न नाही. दरवाज्यांतल्या दगडांवर खुर्ची खडखडते तेव्हा लेक "आ-आ-आ" असा आवाज काढत जाते, तो हादरा तिला आवडतो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. देऊळ आणि किल्ला एकाच संध्याकाळी होतो, रिक्षाचं भाडं एकदाच.

गड्ड्याच्या जत्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेत, होम मैदानावर, लेकीला संध्याकाळी न्यायची हिंमत माझ्यात नाही. पाळण्यांच्या वायरी जमिनीवरून गेलेल्या असतात, छोटी चाकं त्यात अडकतात आणि गर्दी थांबत नाही. आम्ही दुपारी तीनच्या सुमाराला, मधल्या वारी जातो. दुकानं उघडत असतात, पाळणेवालाही बोलायला मोकळा असतो. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, बघायचे तर मैदानापर्यंत जायचीसुद्धा गरज नाही. यण्णीमज्जनाच्या (तैलाभिषेकाच्या) दिवशी सातही नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला गावातून फिरतात. मिरवणुकीच्या वाटेवर ओळखीच्या दुकानाचा ओटा सकाळीच धरून ठेवायचा. खुर्ची ओट्यावर ठेवली की पुढं कुणीही उभं राहिलं तरी तिला वरपर्यंत दिसतं.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यालाही गेलो, गावापासून वीसेक किलोमीटर. माळढोक दिसेल ही आशा धरू नका, ते फार थोडे उरलेत. काळविटं मात्र दिसली. सपाट माळरान असल्यानं खुर्चीला बरं, पण भुसभुशीत मातीत पुढची चाकं रुततात. तिथं खुर्ची उलटी करून ओढायची, मोठी चाकं पुढं. लेकीची पाठ माळाकडं झाली म्हणून ती रुसली, मग दर पन्नास पावलांवर वळवून दाखवत गेलो. यासाठी मेहुण्याच्या कुटुंबाबरोबर गाडी वाटून घेतली, एकट्याला परवडलं नसतं.

आता न जमलेलं. एका मल्टिप्लेक्समध्ये तिकीट काढताना फोनवर 'व्हीलचेअरची सोय आहे' म्हणाले. गेल्यावर सोय अशी, की लेकीला उचलून सीटवर ठेवा आणि खुर्ची बाहेर लॉबीत. पट्ट्याशिवाय ती सीटवर बसूच शकत नाही. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, पैसे परत दिले. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम झाल्यापासून पाच वर्षं दिली होती, आणि नियम २०१७ मध्ये झाले. ती मुदत कधीच संपली, हे मी त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली, हेड ऑफिसचा नंबर दिला.

स्वस्तात स्वस्त आणि आमच्या घरात सगळ्यांची लाडकी सहल म्हणजे हुरडा. मोहोळ तालुक्यात मेहुण्याचं शेत आहे. काळ्या मातीच्या ढेकळांत खुर्ची एक इंच सरकत नाही, म्हणून पहिल्या वर्षी लेक बांधावर आणि आम्ही सगळे आगटीभोवती, असं झालं. तिनं जो आरडाओरडा केला! पुढच्या वर्षी मेहुण्यानं काही न बोलता आगटीच बांधाजवळ खणली आणि गोठ्यातल्या उरलेल्या शहाबादी फरश्या वाटेवर टाकल्या. गरम कणीस हातावर चोळून फुंकलं की दाणे मोकळे होतात. लेकीला ते तसेच देता येत नाहीत, ठसका लागतो. बायको दाणे वरवंट्यानं अर्धवट ठेचते, दह्यात कालवते, वर शेंगाचटणीची चिमूट. बाकीच्यांपेक्षा तीच जास्त खाते.

सध्या एक अर्ज चालू आहे. आमच्या भागातल्या बागेच्या फाटकाला जनावरं आणि मोटारसायकली शिरू नयेत म्हणून नागमोडी लोखंडी आडणी लावलीय. खुर्चीही शिरत नाही, आणि मोटारसायकली पलीकडच्या भिंतीच्या भगदाडातून जातातच. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो, त्यातून काम व्हावं असं लिहिलंय. नुसतं 'सोय करावी' लिहून भागत नाही. म्हणून आडणीतलं अंतर १७ इंच, हवं किमान ३६ इंच, पायरी सहा इंच, रॅम्प सहा फूट, अशी मापं घातली, फोटो लावले, बागेत येणाऱ्या आजी-आजोबांच्या सह्या घेतल्या. पोच घेतली आहे. महिनाभरात काही हललं नाही तर तीच प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला पाठवणार आहे.