शंभर वलये, तेहेतीस खंड

वलयी प्राणिसंघाच्या प्रात्यक्षिकाला एका विद्यार्थ्याने गावच्या तळ्यातली, गुरांना लागणारी जळू बरणीतून आणली आणि भिंगाखाली तिच्या अंगावरची वलये मोजून शंभराहून अधिक आकडा सांगितला. गांडुळाचे खंडही 100 ते 120, तेव्हा दोघांची शरीररचना सारखीच, असे त्याने जर्नलमध्ये लिहूनही टाकले होते. त्याची मोजणी अचूक होती. निष्कर्ष मात्र चुकीचा होता.

गांडुळाच्या उभ्या छेदाची स्लाइड मी प्रथम दाखवली. त्यात त्वचेवरच्या प्रत्येक खाचेसमोर आत देहगुहेचा (शरीरभित्ती आणि आतडे यांमधल्या पोकळीचा) पडदा येतो, म्हणून तिथे बाहेरचे वलय म्हणजेच आतला खंड. (पहिल्या काही खंडांत हे पडदे नसतात, हेही नजरेस आणून दिले.) जळूत असे पडदे उरत नाहीत आणि देहगुहा बरीचशी ऊतीने भरून गेलेली असते, मग खंड ओळखायचा कशावरून?

जळू ओल्या काचेला चूषकांनी चिकटली, तशी काच उचलून आम्ही खालून तिचे पोट पाहिले. उत्सर्जनाची बारीक जोडछिद्रे ठरावीक अंतराने दिसत होती, आणि दोन जोड्यांमधली वलये मोजली तर पाच भरत होती. अशा 17 जोड्या सहाव्या ते बाविसाव्या खंडापर्यंत असतात. मधल्या खंडांवर पाच-पाच वलये, टोकांकडे त्याहून कमी, आणि मागचा चूषक सात खंड एकरूप होऊन बनलेला; असे सारे मिळून खंड 33.

"मॅडम, लहान जळूचे कमी असतील ना?" एकीने विचारले. नाही, जळू वाढते ती खंड वाढवून नव्हे, आहे तेच खंड मोठे करून.

गांडूळ आणि जळू यांचे खरे नाते वलयांच्या संख्येत नाहीच. दोघेही उभयलिंगी असतात आणि दोघांतही त्वचेचा ग्रंथिमय पट्टा अंड्यांसाठी कोश तयार करतो. फक्त जळूत तो प्रजननकाळापुरताच दिसतो. आधुनिक वर्गीकरणात याच पट्ट्यावरून दोघांना एका गटात घेतात आणि जळवा गांडुळांच्याच वंशातून निघाल्याचे मानतात. गांडुळे, जळवा आणि बहुतांशी सागरी असलेले बहुशूकी कृमी अशा तीन स्वतंत्र वर्गांची जुनी मांडणी आजही शिकवली जाते, पण तिच्यामुळे हे नाते झाकले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याहून मोठा धक्का रेणवीय अभ्यासाने दिला आहे: चमच्यासारखी सोंड असलेले, प्रौढपणी खंडांचा मागमूसही नसलेले सागरी कृमी आता याच वलयी संघात गणले जातात.

त्या विद्यार्थ्याने जर्नलमधली आकृती नव्याने काढली आणि या वेळी वलयांऐवजी छिद्रांच्या जोड्यांना क्रमांक दिले.