तुम्ही विचारलंत म्हणून: मत बदलले, मग आधीचा ठामपणा खोटा होता का?

मी मत ठामपणे मांडतो आणि पुढे ते बदलतोही. मग आधीच्या ठामपणाला काय अर्थ उरला, असे मला वारंवार विचारले जाते. विचारणाऱ्यांच्या मनात आत्मविश्वास आणि नम्रता ही तराजूची दोन पारडी असतात: एक खाली गेले की दुसरे वर जाणारच. मला तसे वाटत नाही, आणि का ते सांगताना हटकून ले व्हेरिये हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आठवतो.

युरेनसच्या कक्षेतील विसंगतीवरून त्याने एका अज्ञात ग्रहाचे स्थान गणिताने काढले, आणि सप्टेंबर १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेला त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाचा उपसूर्यबिंदू (कक्षेतील सूर्याच्या सर्वांत जवळची जागा) अपेक्षेपेक्षा किंचित अधिक सरकतो असे दिसले, तेव्हा १८५९ मध्ये त्याने तीच रीत वापरून सूर्याजवळ आणखी वस्तुमान असले पाहिजे असे मांडले. त्या वस्तुमानाचा म्हणून कल्पिलेल्या ग्रहाला ‘व्हल्कन’ हे नावही मिळाले; नव्हता तो फक्त आकाशात. बुधाच्या सरकण्यातला शतकाला सुमारे ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तो फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्ताने, कोणत्याही नव्या ग्रहाविना, उलगडला.

१८५९ चा ठामपणा मला मुळीच चुकीचा वाटत नाही. तो हाती असलेल्या पुराव्यावर उभा होता, आणि त्याच्या जागी मीही तेच म्हटले असते (ते गणित मला जमले असते का, हा भाग वेगळा). चुकले ते नंतर. कोणी सूर्यबिंबावर ठिपका पाहिल्याचे सांगितले की तो सूर्यासमोरून जाणारा व्हल्कनच असेल अशी आशा पालवे. परंतु ग्रहणांच्या वेळी शोधूनही ग्रह निश्चितपणे हाती लागत नाही, याचे वजन तितक्याच काटेकोरपणे मोजले गेले नाही, आणि १८७७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ले व्हेरियेचा विश्वास ढळला नाही.

म्हणून मी महत्त्वाचे मत वहीत लिहितो तेव्हा त्यापुढे शंभरात किती खात्री आहे ते, आणि काय दिसले तर ती कमी करीन ते, त्याच दिवशी नोंदवतो, कारण नंतर सबबी सुचू लागतात. ‘काहीही खरे असू शकते’ असे म्हणणे मला नम्रता वाटत नाही. तो चुकण्याची जोखीम टाळण्याचा सभ्य मार्ग आहे. जुन्या नोंदी चाळताना नव्वदची खात्री लिहिलेली मते अपेक्षेपेक्षा अधिक वेळा चुकलेली आढळतात. अलीकडे तिथे मी ऐंशी लिहू लागलो आहे.