दवबिंदूचा टब : तिसरा उन्हाळा

मंडळी, आधी हिशेब. ऑक्टोबरात टबात दवबिंदूची, म्हणजे पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरून खाणाऱ्या झाडाची, तीन जातींची चौदा रोपं होती : फिलिफॉर्मिस सहा, इंटरमीडिया पाच, रोटंडिफोलिया तीन. काल सकाळी मोजली तर हिवाळ्याच्या झोपेतून अकरा जागी झालेली. गेलेल्या तिघांपैकी दोन खारीच्या खात्यावर आणि एक माझ्या.

नव्यांसाठी थोडक्यात : आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. टब मागच्या अंगणात, सहा-सात तास ऊन येतं तिथे. रुंदी पाऊण हात, खोली जरा कमी. तळाला भोक नाही, काठापासून चार बोटं खाली बाजूला दोन भोकं, म्हणजे जास्तीचं पाणी वाहून जातं आणि खालचा भाग कायम ओला राहतो. आत दोन भाग पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ), एक भाग धुतलेली सिलिका वाळू. कोरडं पीट पाण्यावर नुसतं तरंगतं, त्यामुळे गरम पाणी घालून कणकेसारखं मळावं लागतं. पहिल्या वर्षी आणलेल्या पिशवीत खत मिसळलेलं निघालं. पिशवीवर ते इतक्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की रोपं करपायला लागल्यावर मी भिंगातून वाचलं. तेव्हापासून कुठलंही पीट आधी भिजवते, पिळते आणि त्या पाण्यात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) बुडवते. आकडा पन्नासच्या वर गेला तर ते पीट गुलाबांना.

पाणी फक्त पागोळ्यांचं. पन्हळीखाली पिंप ठेवलंय, त्यात मीटर बारा ते अठरा दाखवतो. नळाचं पाणी दोनशेच्या पुढे, त्याचा विचारही नको.

आता पाण्यावरूनच गेल्या जुलैची गोष्ट. सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. टब बघून म्हणाल्या, ‘‘अगं, हे तर आमच्या कास पठारावरचं!’’ मला फार आनंद झाला. पण रोज सकाळी तांदळाचं धुवण त्या टबात ओतत होत्या, हे कळायला मला दहा दिवस लागले. ‘‘नुसत्या पाण्यावर कसं जगेल गं बिचारं?’’ मातीवर हिरवी बुळबुळीत साय आली, भोकातून येणाऱ्या पाण्याचा आकडा एकशेचाळीस. चार बादल्या पावसाचं पाणी हळूहळू ओतून टब धुऊन काढला, वरचा बोटभर थर खरवडून नवा घातला. कोणी मेलं नाही. सासूबाईंना सांगितलं की याचं जेवण उडत येतं. मग त्या खुर्ची टाकून बघतच बसल्या. रोटंडिफोलियाच्या पानावर एक चिलट चिकटलं होतं. दहा मिनिटांत जवळचे लाल केस आत झुकायला लागले, संध्याकाळी पान वाटीसारखं मिटलं होतं. मी त्यांना डार्विनचं सांगितलं : त्यानं याच रोटंडिफोलियाच्या केसांवर माणसाच्या केसाचा इवलासा तुकडा ठेवून पाहिला, 0.000822 मिलिग्रॅम वजनाचा, आणि तेवढ्यानंही केस हलला. पावसाचे थेंब पडले तर मात्र काही होत नाही. ‘‘शहाणं आहे,’’ एवढंच त्या म्हणाल्या.

कास पठारावरचा दवबिंदू म्हणजे इंडिका ही जात; त्याची आणि इथल्यांची जीव वाचवायची तऱ्हा वेगळी. पठार वाळलं की तिथला बी टाकून संपतो, त्याचा वैरी कोरड. इथल्यांचा वैरी हिवाळा. ऑक्टोबरात पानं काळवंडतात आणि मधोमध एक घट्ट गाठ उरते. पुस्तकी नाव हायबरनॅकुलम, मी गाठच म्हणते. फिलिफॉर्मिसची गाठ तपकिरी, लोकरीसारख्या केसांची; रोटंडिफोलियाची हिरवी, वाटाण्याहून लहान. मुळं बरीचशी सडून जातात. पहिल्या हिवाळ्यात मी हे बघून सगळं फेकायला निघाले होते.

जमिनीतल्या रोपाला थंडी वरून लागते, टबातल्याला चारही बाजूंनी. तरी नुसत्या थंडीनं मेलेलं रोप मी अजून पाहिलेलं नाही. गोठणं-वितळणं-गोठणं चालू राहिलं की माती फुगून गाठ वर ढकलली जाते आणि कोरडा वारा तिला सुकवतो. म्हणून गाठींवर वीतभर पाईनच्या सुया आणि वायव्येला एक फळी, एवढंच करायचं. या जानेवारीत उणे चौदा येणार म्हटल्यावर मला राहवलं नाही, वरून प्लॅस्टिक ओढलं आणि काढायला विसरले. फेब्रुवारीत चार दिवस ऊन पडलं, आत वाफ धरली, एका रोटंडिफोलियावर करडी बुरशी. हा तो माझ्या खात्यावरचा. बर्फ पडला तर तो झाडू नका, त्याच्याइतकी चांगली गोधडी नाही.

खारीनं ओकची फळं पुरायला टब उकरला आणि दोन इंटरमीडिया उलटे करून टाकले. आता कोंबड्यांची जाळी ठोकली आहे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात फिलिफॉर्मिस उठले. गाठीतून पान निघतं ते चकलीच्या वेटोळ्यासारखं, आणि उलगडायच्या आधीच त्या वेटोळ्यावर चिकट थेंब असतात. सकाळी आठच्या तिरप्या उन्हात बघा, फोटोत ते येत नाही.

आमच्या न्यू जर्सीतल्या पाईन बॅरन्स या वाळूच्या पाईन जंगलात, वेब्ज मिलच्या दलदलीत लाकडी वाटेवरून हीच तिन्ही भावंडं पांढऱ्या वाळूत बघता येतात. पाईन बॅरन्समध्ये फिलिफॉर्मिस आणि इंटरमीडियाचा नैसर्गिक संकरही सापडतो, त्याला बी धरत नाही. तिथून एक काडीही उचलू नका. माझी सगळी रोपं नर्सरीतली किंवा बियांची आहेत.

बियांचं म्हणाल तर फिलिफॉर्मिसचं काळं बी फेब्रुवारीत ओल्या पिटावर भुरभुरून, वर माती न घालता, श्रीखंडाच्या दोन डब्यांत सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं होतं. एका डब्यात आज एकोणीस हिरवे ठिपके आहेत. दुसऱ्यात नवऱ्यानं रात्री अकरा वाजता चमचा घातला होता, त्यात चार.