पावणेसहा मिलिमीटरची फट

सिलिंडरचा फ्लॅट पॅटर्न, म्हणजे गोल करण्याआधीच्या सपाट प्लेटचा आकार, कॅडमधून (कंप्युटरवरच्या डिझाइन सॉफ्टवेअरमधून) काढून थेट कटिंगला पाठवणार असाल, तर आधी कॅल्क्युलेटरवर एक गुणाकार करा: बाहेरच्या व्यासातून जाडी वजा, गुणिले ३.१४१६. त्यातून वेल्डिंगची फट वजा करून स्क्रीनवरची लांबी जुळली तरच फाइल पाठवा. मी तो गुणाकार केला नव्हता.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये मी डिझाइन बघते. काम साखर कारखान्याचं होतं. १० मिमी प्लेटचे तीन शेल, म्हणजे गोल नळकांडी, बाहेरचा व्यास १०००, उंची १२५०, आणि आत लेथवर उतरवलेल्या रिंगा बसणार. गळीत हंगाम तोंडावर आलेला. मॉडेल, मंजुरी, प्लेट, प्लाझ्मा कटिंग, सगळं आठवड्यात उरकलं.

मग पहिली प्लेट रोलवर, म्हणजे प्लेट गोल वाकवणाऱ्या मशीनवर, चढली. आमचे रोलिंगचे मामा या कामात मुरलेले. पत्र्याचा फर्मा (गोलाईचा नमुना) लावून लावून त्यांनी गोलाई आणली आणि मला खाली बोलावलं. "ताई, फर्म्याला बसतंय बघा, पण तोंडं जुळंनात." सीमला, म्हणजे प्लेटची दोन तोंडं मिळतात तिथं, वेल्डिंगसाठी २ मिमी फट धरली होती, तिथं पावणेसहा निघाली. आवळून २ वर आणली, तर व्यास कमी झाला आणि रिंग आत जाईना.

पहिला संशय कटिंगवर. उरलेल्या दोन प्लेटा मोजल्या, ३१०४ ला जरा वर. फाइलमध्येही ३१०४.४. म्हणजे कापणाऱ्याची चूक नाही. मायक्रोमीटरनं जाडी पाहिली, १०.१. त्यानं परिघात अर्धा मिमीसुद्धा फरक पडत नाही. मॉडेलचा व्यास बरोबर १०००. मग मी फाइल सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या सपोर्टला पाठवली. तीन दिवस हातात फक्त तक्रारीचा नंबर. कारखान्याचे इंजिनिअर रोज सकाळी फोन करायचे, आणि तीनशे किलोचा शेल वाटेत आडवा पडलेला. चौथ्या दिवशी उत्तर आलं: मॉडेलमध्ये एरर नाही, फ्लॅट पॅटर्न व्यवस्थित तयार होतोय. मी विचारलं होतं तो आखूड का येतोय. माझा प्रश्न कुणी वाचलाच नव्हता, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्या संध्याकाळी मामांनीच विचारलं, "तुमचा कंप्युटर मधला व्यास धरतो का आतला? आम्ही आपलं मधलाच धरतो." मी तिथंच कागद घेतला. मधला व्यास, म्हणजे बाहेरच्या १००० मधून जाडी वजा, ९९०, परीघ ३११०.१८, फटीचे २ वजा केले की ३१०८.१८. फाइलमधली लांबी ३.७७ नं कमी. त्याला पायच्या (३.१४१६) दुपटीनं भागलं, त्रिज्येत ०.६ आले. म्हणजे सॉफ्टवेअरनं आतल्या बाजूपासून ५ मिमीऐवजी ४.४ वरची रेषा धरली होती. १० च्या जाडीत ४.४, म्हणजे ०.४४. वर जाऊन शीट मेटलची सेटिंग उघडली. के-फॅक्टर: ०.४४.

वाकवताना जी रेषा ताणलीही जात नाही आणि आखडतही नाही, ती आतल्या बाजूपासून जाडीच्या कितव्या हिश्शावर आहे, ते म्हणजे के-फॅक्टर. प्रेस ब्रेकवर (पत्रा कोनात वाकवणाऱ्या मशीनवर) त्रिज्या लहान असते, रेषा आत सरकते, तिथं ०.४४ चालून जातो. आमच्या शेलची आतली त्रिज्या जाडीच्या ४९ पट. एवढ्या मोठ्या गोलाईत रेषा मधोमधच राहते, तिथं ०.५ च हवा. आणि या चुकीनं येणारी तूट व्यासावर ठरत नाही, फक्त जाडीवर ठरते: जाडीच्या ०.३७७ पट. २ मिमी पत्र्यात पाऊण मिमी, कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून तर आमचं जुनं टेम्प्लेट (सेटिंग भरून ठेवलेली फाइल) इतकी वर्षं चाललं, कारण त्यावर सगळे पातळ पत्र्याचे डक्टच झाले होते. १६ मिमी प्लेटला सहा मिमी जातील.

पण म्हणून सगळीकडं ०.५ टाकू नका, बेंडिंगचे माप बिघडेल. रोलिंगला वेगळा नियम, बेंडिंगला वेगळा, नावं देऊन टेम्प्लेटमध्येच ठेवा.

प्लेटा वाया जाऊ दिल्या नाहीत. तिन्ही शेल सारखेच आखूड होते, म्हणून कारखान्याकडून लेखी मंजुरी घेऊन रिंगाच लेथवर दीड मिमीनं उतरवल्या.

आणखी एक राहिलं. पूर्ण वर्तुळ काढलंत तर ते उलगडणारच नाही. सीमच्या जागी फट ठेवा आणि उलगडताना स्थिर कड म्हणून फटीची सरळ कड निवडा. ती फट वेल्डिंगच्या फटीएवढीच ठेवलीत, तर लांबीतून हातानं पुन्हा वजा करू नका. नोझलची (पाइप जोडायच्या तोंडांची) भोकं मात्र मी फ्लॅटमध्ये कापून घेत नाही, रोल होताना भोकाजवळ गोलाई बिघडते. शेल झाल्यावर बाहेरून मार्किंग करायचं. १००० व्यासाला बाहेरचा परीघ ३१४१.६, म्हणजे एका अंशाला ८.७३ मिमी.

डिसेंबरात १२ मिमीचा, १२०० व्यासाचा शेल आला. गुणाकार ३७३२.२, स्क्रीनवर फटीचे २ वजा होऊन ३७३०.२. मामांनी शेवटचा फेरा मारला, फर्मा बाजूला ठेवला आणि सीममध्ये २ मिमीची पट्टी वरपासून खालपर्यंत सरकवली. कुठंही अडली नाही.